बुद्धी रक्तातून येते की घडवावी लागते?

पांढरी_माती:
दहावीचा निकाल लागला की गावात पारावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: मास्तरची पोरगी पहिली येणारच, खाण तशी माती. हेच वाक्य उलट बाजूनेही फिरतं. ज्या घरात कुणी शिकलं नाही तिथलं पोरगं सातवीत गणितात अडलं, की 'त्यांच्या खानदानातच नाही' म्हणतात आणि कापूस वेचायला नेतात. पहिल्या वाक्याने कुणाचं बिघडत नाही, दुसऱ्याने बिघडतं.

म्हणून विचारतो. बुद्धीत वारशाचा भाग किती, याबद्दल आज नक्की काय माहीत आहे? आणि जो भाग घडवता येतो तो कशाने, कोणत्या वयात? सुविचार नकोत. आकडे सांगा, कामं सांगा, आणि ती तालुक्याच्या गावात होण्यासारखी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा:
झालं! आता शंभर प्रतिसाद पक्के. बोला राजेहो, मी चिवडा घेऊन बसलो.

जनुकपुराण:
एकाच बीजांडातून झालेली जुळी आणि दोन बीजांडांतून झालेली जुळी, यांच्या आयक्यूची तुलना करून वारशाचं प्रमाण काढतात. चार देशांतल्या ११,००० जुळ्या जोड्यांचा एकत्रित अभ्यास २०१० साली आला. त्यात वारशाचा वाटा ९व्या वर्षी ४१ टक्के, १२व्या वर्षी ५५ आणि १७व्या वर्षी ६६ टक्के निघाला. म्हणजे वय वाढेल तसा वारशाचा वाटा वाढतो. बहुतेकांना उलट वाटतं. लहान मूल आईबाप ठेवतील तसं राहतं. मोठं झालं की मित्र, पुस्तकं, विषय आपल्या कलाने निवडतं आणि मूळचा कल आणखी पक्का होतो.

घोटाळा पुढे होतो. ६६ टक्के म्हणजे पोराच्या डोक्यातला ६६ टक्के माल बापाचा आणि ३४ टक्के मास्तरचा, असं नाही. हा आकडा एकट्या मुलाला लागूच पडत नाही. एका समूहातल्या मुलांच्या गुणांत जे अंतर दिसतं, त्यातलं किती अंतर जनुकांच्या फरकामुळे आहे एवढंच तो सांगतो. समूह बदलला की आकडा बदलतो.

शंकेखोर:
जुळ्यांच्या अभ्यासांवर डोळे मिटून विश्वास नको. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांचं काय झालं? वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांच्या जोड्या त्यांच्या निबंधांत वाढत गेल्या, पण सहसंबंध (जोडीतल्या दोघांचे आयक्यू किती जुळतात तो आकडा) मात्र ०.७७१ वरून हलेना, तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच. लिऑन कामिन यांनी १९७४ मध्ये ते उघड्यावर आणलं. इतकी वर्षं धोरणं त्या आकड्यांच्या आधाराने रेटली गेली.

जनुकपुराण:
@शंकेखोर, बर्टना बाजूला ठेवा, हरकत नाही. १९७९ मध्ये मिनेसोटात नव्याने काम सुरू झालं, वेगळ्या घरी वाढलेली जुळी शोधून. १९९० च्या त्यांच्या निबंधात आयक्यूतला सुमारे ७० टक्के फरक वारशाशी जोडलेला निघाला. त्या अभ्यासाची उणीव दुसरीच आहे. मुलं ज्या घरांत वाढली ती बहुतेक खाऊनपिऊन सुखी होती. कुपोषण, शाळाच नाही, असं टोक त्या नमुन्यात फारसं नव्हतं. परिस्थितीत फरक कमी असला की वारशाचा टक्का आपोआप फुगतो.

कोरडवाहू:
जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७० मध्ये बियाण्याचा दाखला दिला होता, तो आपल्या कपाशीत बसवून सांगतो. मिश्र बियाण्याची एक थैली घ्या. अर्धं बी काळ्या भारी जमिनीत, ठिबकवर. अर्धं बरडावर, पावसाच्या भरवशावर. काळ्या वावरात सगळ्यांना खत-पाणी सारखं, त्यामुळे एक झाड छातीला आणि दुसरं गुडघ्याला लागत असेल तर तो फरक बियाण्याचा. बरडावरही तेच. म्हणजे दोन्ही वावरांत आतला फरक शंभर टक्के वारशाचा. पण दोन वावरांच्या सरासरी उंचीत जे अंतर पडलं ते पूर्ण जमिनीचं. थैली तर एकच होती!

म्हणून 'आयक्यू ६६ टक्के आनुवंशिक आहे, तेव्हा अमुक जात हुशार आणि तमुक मागास' हे अनुमान निघतच नाही. आतल्या फरकावरून दोन गटांमधल्या फरकाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
अन् थैलीतलं बियाणंच बोगस निघालं तर? ते बी लिहा ना भाऊ.

झाडीपट्टी_सिस्टर:
बियाण्याचा विषय आलाच आहे तर सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं उदाहरण घ्या, गडचिरोली-चंद्रपूरकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो एका जनुकाचा खेळ आहे. आई एएस (वाहक), बाप एएस, तर प्रत्येक गरोदरपणात एसएस (आजारी) बाळाची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, निर्दोष २५ टक्के. गणित सरळ. बुद्धीचं तसं नाही. २०१८ मध्ये सुमारे २ लाख ७० हजार लोकांच्या डीएनएवर अभ्यास झाला, बुद्धीशी संबंध असलेल्या २०५ जागा सापडल्या आणि अख्ख्या डीएनएचा हिशेब धरूनही फरकाचा जेमतेम ५ टक्के भाग उलगडला. एकेका जागेचा परिणाम कणाएवढा. त्यात हे लोक बहुतेक युरोपीय वंशाचे. तो हिशेब आपल्याकडे जशाचा तसा चालत नाही. त्यामुळे कुणी 'डीएनए तपासून मुलाची बुद्धी सांगतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

दुसरी गोष्ट, 'वारशाने आलं' म्हणजे 'बदलत नाही' असं नाही. पीकेयू नावाचा आजार शंभर टक्के जनुकांचा आहे. दोन्हीकडून बिघडलेलं जनुक आलं की फेनिलअॅलॅनिन रक्तात साचतं आणि मेंदू खराब होतो. पण जन्मल्यावर लगेच कळलं आणि त्या घटकाचं प्रमाण कमी ठेवणारा आहार दिला, तर मूल जवळपास इतरांसारखं वाढतं. उलट जन्मजात थायरॉईडची कमतरता बहुधा वारशाची नसते, पण टाचेतून रक्त घेऊन पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केलं नाही तर बुद्धी कायमची जाते. बाळ फार झोपतं, रडणं घोगरं, बद्धकोष्ठ, कावीळ लांबलेली, जीभ मोठी, बेंबी फुगलेली, असं असेल तर 'शांत बाळ आहे' म्हणून कौतुक करत बसू नका. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या.

मामाचा_गाव:
व्हॉट्सअॅपवर फिरते की बुद्धी फक्त आईकडून येते, एक्स गुणसूत्रातून. बापलोकांनी मग काय करावं?

जनुकपुराण:
बापलोकांनी पोरांशी बोलावं. त्या निरोपात अर्धं सत्य आहे: मुलाला एक्स आईकडूनच येतो. पण मुलीला दोघांकडून येतो, आणि वरच्या २०५ जागा वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेल्या आहेत.

तुमच्या नावावरून आणखी एक. मामेबहिणीशी लग्न झालं तर नवरा-बायकोची सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. हुशारी काही दुप्पट होत नाही, पण दोघांत लपलेलं एकच बिघडलेलं जनुक बाळात एकत्र येण्याची शक्यता वाढते. जन्मदोषांचा धोका एरवी २-३ टक्के, तो साधारण दुप्पट होतो.

शंकेखोर:
गरिबीबद्दलचा तो अमेरिकी अभ्यास कुणी मांडत नाही म्हणून मीच लिहितो. टर्कहायमर, २००३, सात वर्षांच्या जुळ्यांच्या ३१९ जोड्या. सुखवस्तू घरांत आयक्यूतला बहुतेक फरक जनुकांचा निघाला. गरीब घरांत जनुकांचा वाटा शून्याजवळ आणि घरच्या परिस्थितीचा ६० टक्के. या धाग्याचं उत्तर मला तरी तिथे दिसतं: जिथे पोटाला नाही तिथे वारसा उघडायला वावच मिळत नाही.

कोरडवाहू:
पूर्ण सांगा. पुढे अनेक देशांतले आकडे एकत्र केल्यावर हा परिणाम अमेरिकेत दिसला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. तिथे गरिबालाही दवाखाना आणि शाळा बऱ्यापैकी मिळते, म्हणून असावं असा एक तर्क आहे. आपल्या खेड्याला यातलं कोणतं चित्र जवळचं, ते सांगायची गरज नाही.

पोषण_ट्रॅकर:
धागाकर्त्याने कामं विचारली, अजून सगळे टक्क्यांतच. गर्भधारणेपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत जे करता येतं ते लिहिते, आणि ते कुठे फसतं तेही.

लोह. गरोदरपणात रोज ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची गोळी, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गोळ्या घरोघरी पोचतात, पोटात जात नाहीत. मळमळते, शौच काळं होतं, आणि 'गोळीने बाळ मोठं होते, शिझर होते' ही भीती. काळं शौच होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी. चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही, तासभर अंतर हवं. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर जास्त शोषलं जातं. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको.

प्रसूतीच्या वेळी नाळ लगेच कापू नये, किमान १ मिनिट थांबावं. वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पहिल्या सहा महिन्यांचा लोहाचा साठा वाढतो. एक पैसा लागत नाही. बाळ रडलं नाही, श्वास घेतला नाही तर मात्र आधी श्वासाचं बघायचं.

सहा महिन्यांनंतर लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिली. पाच ते नऊ वर्षांना गुलाबी गोळी, दहापासून पुढे निळी, आठवड्यातून एकदा. जंताची अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, कुस्करून पाण्यातून. आख्खी गोळी लहानग्याच्या तोंडात टाकली की घशात अडकते.

आयोडीन. घरातल्या मिठात किमान १५ पीपीएम पाहिजे. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, ते कमी पडलं तर बाळाचा मेंदू पोटातच मागे राहतो. खडेमीठ स्वस्त म्हणून आणतात, धुऊन घेतात, चुलीजवळ उघड्या मडक्यात ठेवतात. धुतलं की आयोडीन गेलं; ओल आणि उष्णतेने उरलेलं जातं. झाकणाची बरणी, चुलीपासून लांब, आणि मीठ भाजी उतरवताना.

बी-१२. माळकरी घरात अंडं नाही, दूध विकलं जातं, आईच्या अंगात बी-१२ नाही, म्हणून तिच्या दुधातही नाही. सहा महिने ते दीड वर्षाचं बाळ, अंगाने गुबगुबीत पण फिकट, हसणं थांबलं, बसायचं ते विसरलं, हात थरथरतात: हे दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. फॉलिक अॅसिड एकट्याने रक्त सुधारलेलं दाखवतं, पण मज्जातंतूंचं नुकसान आतून सुरूच राहतं.

आणि खर्रा. बाया खात नाहीत असं कुणी म्हणू नका. तंबाखूने वारेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळ अडीच किलोच्या खाली जन्मतं.

वऱ्हाडी_ठेचा:
हे प्रिंट काढून पानठेल्यावर चिकटवा लागते.

बोंडअळी:
पोषण_ट्रॅकर ताईंच्या यादीत फवारणीची भर घाला. कॅलिफोर्नियात शेतमजूर बायांच्या मुलांवर अभ्यास झाला. गरोदरपणी अंगात ऑर्गनोफॉस्फेट कुळातल्या कीटकनाशकांचा अंश सगळ्यात जास्त असलेल्या गटातली मुलं ७ वर्षांची झाली तेव्हा सगळ्यात कमी असलेल्या गटापेक्षा आयक्यूत सरासरी ७ गुणांनी मागे होती. आपल्याकडे कपाशीवर मोनोक्रोटोफॉस मारलं जायचं, प्रोफेनोफॉस मारलं जातं, ती याच कुळातली. २०१७ मध्ये यवतमाळला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण ती तात्काळ विषबाधा होती. हळूहळू होणारं नुकसान दिसत नाही.

करायचं काय: गरोदर बाईला फवारणीचं पाणी भरायला, औषध कालवायला लावू नका. फवारलेल्या वावरात डब्यावर लिहिलेल्या मुदतीआधी निंदायला पाठवू नका. फवारणीचे कपडे वेगळ्या टोपल्यात, वेगळे धुवायचे, आणि धुणारी गरोदर नको. रिकाम्या डब्यात तेल-पाणी ठेवायचं नाही. डबा तीनदा खंगाळून, पाणी पंपात ओतून, तळाला भोकं पाडून टाका.

मामाचा_गाव:
आणि गर्भसंस्काराच्या सीडी? नागपुरात क्लास लागतात म्हणे, हजारोंची फी.

झाडीपट्टी_सिस्टर:
पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येतं, आईचा आवाज ते ओळखतं, इतकं खरं. सीडीने आयक्यू वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या १९९३ च्या प्रयोगावरून बाळांना मोझार्टचं संगीत ऐकवायचं पीक आलं तो कॉलेजच्या पोरांवर होता आणि परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरला. तेवढ्या फीमध्ये नऊ महिने रोज अंडं आणि दूध येतं.

पोषण_ट्रॅकर:
जन्मानंतर मात्र बोलणं-खेळणं खरंच काम करतं आणि त्याला पुरावा आहे. जमैकात ९ ते २४ महिन्यांची, उंची खुंटलेली १२९ मुलं घेतली. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊन आईला खेळ शिकवायची, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी खेळाच्या गटातल्यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त निघाली. नुसत्या आहाराचा फायदा पुढे टिकला नाही.

खेळणी घरचीच होती. आपल्याकडेही होतील: लाकडी ठोकळे, कापडी बाहुली, प्लास्टिकच्या बाटलीत तुरीचे दाणे घालून खुळखुळा. झाकण मात्र चिकटवून घट्ट करा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुटे दाणे, चिंचोके, बाटलीची बुचं नकोत, श्वासनलिकेत जातात. सेविकेने स्वतः मुलाशी खेळून निघून जायचं नाही. आईच्या हातात खेळणं द्यायचं, तिने करायचं, पुढच्या आठवड्यात तोच खेळ एक पायरी वर. हे चुकतं. कार्यकर्ती वहीवर सही घेऊन जाते आणि भेट झाली असं धरतात. बोलायचं ते घरच्या भाषेत, कोरकू असो, गोंडी असो की वऱ्हाडी. 'शुद्ध बोला'च्या नादात आई गप्पच बसते.

सातपुडा_मास्तर:
भाषेचा मुद्दा चाचणीलाही लागू आहे. आपण आयक्यू आयक्यू म्हणतोय, तो मोजतात कसा? बिने यांची मूळ चाचणी १९०५ ची, पॅरिसची, शाळेत कुणाला जादा मदत लागेल ते ओळखायला. बुद्धी जन्मजात ठरलेली असते या मताच्या ते विरोधातच होते. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडकडे तिचं कानडी-मराठी रूप केलं. मुलांसाठी आजही वापरात असलेली दुसरी चाचणी तर नागपूरची आहे: ए. जे. मालिन यांनी १९६९ मध्ये वेश्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. ६ ते १५ वर्षं वय, ११ उपचाचण्या, त्यातल्या ६ भाषिक आणि ५ कृतीच्या, म्हणजे ठोकळ्यांची नक्षी, चित्रातली उणीव, भूलभुलैया असल्या.

यात दोन खड्डे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू पोराला मराठीत 'सारखेपणा सांग' विचारलं तर तुम्ही त्याची मराठी मोजता. भाषिक आणि कृतीचे गुण वेगळे बघा. कृतीचे बरे आणि भाषिक पडलेले असतील तर आधी भाषेचा संशय घ्या. दुसरा खड्डा प्रमाणकांचा, म्हणजे ज्या सरासरीशी मुलाचे गुण ताडतात तिचा. अनेक देशांत आयक्यूची सरासरी दर दहा वर्षांना सुमारे ३ गुणांनी वाढत गेली, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. म्हणजे जुन्या सरासरीशी तुलना केली की आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. आणि हो, दोन-तीन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. ही वाढ जमिनीचीच.

कोरडवाहू:
+१. शेवटचं वाक्य चोरणार आहे.

शिष्यवृत्ती_स्पेशल:
मग नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेतली मानसिक क्षमता चाचणी काय मोजते? ४० प्रश्न, ५० गुण, ६० मिनिटं. चार-चार प्रश्नांचे दहा भाग ठरलेले: वेगळी आकृती, जुळणारी आकृती, अपूर्ण नक्षी, मालिका, समानसंबंध, भौमितिक आकृती पुरी करणे, आरशातली प्रतिमा, घडी घालून छिद्र, तुकडे जोडणे, लपलेली आकृती. ज्याने हे प्रकार आधी पाहिलेच नाहीत ते पोरगं पहिली पंधरा मिनिटं प्रश्न काय आहे हेच समजण्यात घालवतं. घडी-छिद्रात बहुतेक चुका एकाच कारणाने होतात: कागद ज्या क्रमाने दुमडला त्याच क्रमाने उघडतात. उलट्या क्रमाने उघडायचा, आणि प्रत्येक घडीच्या रेषेपलीकडे छिद्राचं प्रतिबिंब काढायचं. खरा कागद आणि खिळा घेऊन आठवडाभर करून घ्या, मग चित्रावर. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल कोरा ठेवू नका.

शंकेखोर:
म्हणजे सरावाने गुण वाढले. बुद्धी वाढली का?

शिष्यवृत्ती_स्पेशल:
त्या प्रकारात हात बसला, एवढंच. पण शहरातल्या पोराचा बसलेला असतो आणि खेड्यातल्याचा नसतो, तेव्हा ते अंतर बुद्धीचं म्हणून खपवू नका.

पांढरी_माती:
भरपूर मिळालं, आभार. एक राहिलं. सगळे दोन वर्षांच्या आतलं सांगताहेत. सातवीतून काढलेल्या पोराचं काय? त्याची वेळ गेली का?

सातपुडा_मास्तर:
नाही. २०१८ मध्ये ६ लाखांहून जास्त लोकांचे आकडे एकत्र करून पाहिलं: शाळेचं एकेक जादा वर्ष आयक्यू १ ते ५ गुणांनी वाढवतं आणि तो फायदा उतारवयापर्यंत दिसतो. सातवीनंतरची पाच वर्षं काढून घेतली तर किती गेलं ते मांडा. आधी शाळेतून काढायचं आणि मग 'बघा, डोकं नव्हतंच' म्हणायचं, असा हा उद्योग आहे. दिवाळीनंतर वेचणीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, ते शाळा व्यवस्थापन समितीने ऑक्टोबरच्या आत विचारावं. डिसेंबरात विचारून उपयोग नसतो.

झाडीपट्टी_सिस्टर:
आणि 'मठ्ठ' ठरवण्याआधी तीन गोष्टी तपासा. कान: वाहणारा कान असेल तर पोराला मागच्या बाकावर अर्धंच ऐकू येतं. डोळे: फळ्यावरचं वहीत चुकीचं उतरतं का बघा. हिमोग्लोबिन. सिकलसेलचं मूल असेल तर अभ्यासात अचानक मागे पडणं हलक्यात घेऊ नका, लक्षात न येणारे छोटे झटके मेंदूत येऊन गेलेले असू शकतात.

मामाचा_गाव:
हे तपासायला जायचं कुठं?

झाडीपट्टी_सिस्टर:
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल हजर पाहिजे, आणि संशय असेल तर डॉक्टरला तोंडी सांगायचं; शंभर पोरांच्या रांगेत आपोआप कळत नाही. संदर्भ चिठ्ठी मिळाली की जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार करणाऱ्या केंद्रात) जायचं. सोबत जन्माच्या वेळचं कार्ड, लसीकरण कार्ड आणि शाळेच्या दोन वह्या न्या, एक गणिताची. मुलाला उपाशी नेऊ नका, सकाळच्या एसटीने न्या, आणि घरी कोरकू किंवा गोंडी बोलत असेल तर चाचणी घेणाऱ्याला आधीच सांगा.

मामाचा_गाव:
वह्या कायले?

झाडीपट्टी_सिस्टर:
कोणत्या महिन्यापासून अक्षर आणि गणित बिघडलं ते त्यात तारखेनिशी सापडतं.